एलियाहू या नावाचा अर्थ आणि त्यामागची भानगड

नारळीपोफळी

रायगड जिल्ह्यातल्या (आमच्या आजीच्या भाषेत कुलाबा) बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलेलं असणार. शेजारी बेने इस्रायली असतील, म्हणजे कोकणातले यहुदी, जुने लोक ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते, तर त्यांच्याकडून मलिद्याची बशी घरी आलेली असते आणि "एलियाहू हनाबीचा मलिदा" एवढं कानावर पडलेलं असतं. हनाबी हे आडनाव नाही हां. नाबी म्हणजे नबी, संदेष्टा, आणि पुढचा ह म्हणजे "तो". उरतं ते एलियाहू. मराठी बायबलात हाच माणूस एलीया म्हणून भेटतो आणि कुराणात इल्यास.

नावाची फोड सोपी आहे. एल म्हणजे देव, एली म्हणजे माझा देव, आणि याहू हे इस्रायलच्या देवाचं जे चार अक्षरी नाव (योद, हे, वाव, हे) त्याचं आखूड रूप. हिब्रूत अशा ठिकाणी "आहे" लिहावं लागत नाही, त्यामुळे नाव म्हणजेच अख्खं वाक्य झालं: माझा देव याहू. नेतान्याहू मधला याहू तोच, नातान म्हणजे दिलं, तर याहूने दिलं. हालेलूया मधला शेवटचा या पण तोच.

इथपर्यंतचं बाळांच्या नावांच्या कुठल्याही साइटवर मिळेल. मी सध्या हिब्रू शिकतेय आणि बायबलातलं राजे १, अध्याय १७ ते १९ मुळातून वाचायचा खटाटोप चाललाय, तेव्हा लक्षात यायला लागलं की या गोष्टीत हे नाव नुसतं हाक मारण्यापुरतं नाहीच, भांडणच त्या नावावर आहे.

काळ इ.स.पू. नववं शतक. उत्तरेकडचं इस्रायलचं राज्य, राजधानी शोमरोन, राजा अहाब. राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी, तिच्या माहेरचा देव बआल. बआलकडे खातं कुठलं, तर ढग, विजा, पाऊस. आणि १७व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत हा माणूस उगवतो. ना बापाचं नाव, ना देवाने कधी बोलावलं त्याची कथा, नुसतं "गिलादमधला तिश्बी" एवढाच पत्ता, आणि थेट राजाला सांगतो की मी म्हणेपर्यंत दव नाही की पाऊस नाही. म्हणजे बआलच्या बरोबर त्याच खात्याला टाळं! ज्या माणसाबद्दल दुसरी काहीच माहिती दिलेली नाही त्याचं नाव तेवढं दिलंय, आणि ते नाव म्हणजे "माझा देव याहू". ओळख करून द्यायची गरजच ठेवली नाही.

आता माझा सगळ्यात आवडता तुकडा. दुष्काळाचं तिसरं वर्ष. अहाबचा कारभारी ओबद्या जनावरांसाठी कुठे गवत मिळतंय का बघत फिरतोय. हा ओबद्या आतून याहूचा भक्त, ईजबेल संदेष्ट्यांना मारत सुटली होती तेव्हा याने शंभर जणांना पन्नास-पन्नास करून गुहांमध्ये लपवलं आणि भाकर-पाणी पोचवलं. पण नोकरी राजाची, त्यामुळे सगळं गुपचूप. याला वाटेत एलियाहू भेटतो आणि म्हणतो, जा, तुझ्या धन्याला सांग, "हिन्ने एलियाहू". सरळ अर्थ, "एलियाहू इथे आहे". पण हिब्रूत तेच दोन शब्द असेही ऐकू येतात: "पाहा, माझा देव याहू आहे". म्हणजे जो माणूस इतकी वर्षं हे मनातल्या मनात म्हणत आला, त्याला आता राजासमोर उभं राहून तोंडाने म्हणायला सांगितलंय. ओबद्याची पार तंतरते. तो दोनदा तेच वाक्य उगाळतो, "आणि तू म्हणतोस जाऊन सांग, हिन्ने एलियाहू, तो मला मारून टाकेल". ८व्या, ११व्या आणि १४व्या वचनात तेच दोन शब्द. भाषांतरात हे निसटतं, तिथे नुसता निरोप दिसतो आणि ओबद्या उगाच घाबरट वाटतो.

पुढचं कर्मेल डोंगरावरचं प्रकरण बहुतेकांना माहीत असेल. बआलचे ४५० संदेष्टे एकीकडे, हा एकटा एकीकडे, दोन बैल, दोन वेद्या, जो देव आगीने उत्तर देईल तो खरा. त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत हाका मारल्या, नाचले, अंगावर वार करून घेतले, उत्तर नाही. याने बारा दगडांची वेदी मांडली, वर चार घागरी पाणी तीनदा ओतलं (दुष्काळात!) आणि आग पडली. तेव्हा लोक पालथे पडून ओरडतात, "याहवे हू हाएलोहीम, याहवे हू हाएलोहीम", याहवे (म्हणजे ते चार अक्षरी पूर्ण नाव) हाच देव. नीट बघा, हे त्याचंच नाव आहे, फक्त उलट्या क्रमाने आणि "माझा" काढून टाकलेला. एका माणसाचं नाव होतं ते सगळ्या गर्दीचं वाक्य झालं.

बाकीच्यांनी भर घाला. बेने इस्रायली किंवा ख्रिस्ती मंडळी असतील तर त्यांच्याकडे हे नाव कसं घेतात तेही वाचायला आवडेल.

टवाळखोर

याहू वाचलं आणि शम्मी कपूर बर्फावरून घसरत आला डोळ्यासमोर, सॉरी.

पण प्रश्न खरा आहे. ते लोक देवाचं नाव तोंडातून काढत नाहीत ना? मग पोराच्या नावात कसं चालतं? दिवसातून पन्नास वेळा हाक मारणार, जेवायला ये, अंघोळ कर.

नारळीपोफळी

@टवाळखोर, नाव न उच्चारण्याची रीत नंतरची. एलियाहूच्या काळात लोक ते सरळ घेत होते, इसवी सनपूर्व नवव्या शतकातल्या मोआबच्या राजाच्या शिलालेखात सुद्धा ते चार अक्षरी नाव कोरलेलं आहे. पुढे ते पवित्र म्हणून वाचताना "अदोनाय" म्हणायला लागले, म्हणजे प्रभू. त्या अदोनायचे स्वर मूळ व्यंजनांना लावले आणि युरोपात ते तसंच्या तसं वाचलं गेलं त्यातून यहोवा आला. नावातला तुकडा म्हणजे पूर्ण नाव नव्हे, त्यामुळे तो चालत राहिला.

आणि हाक मारताना एवढं लांब कोण म्हणतंय, इस्रायलमध्ये एलियाहूचा एली होतो. तो हेर एली कोहेन, त्याचं पूर्ण नाव एलियाहूच.

एक_नगरकर

छान धागा. चर्चमध्ये लहानपणापासून एलीया ऐकत आलोय पण हिन्ने एलियाहूचं माहीत नव्हतं. आता ओबद्याबद्दल जरा आदर वाटायला लागला. त्याच्या नावातही "या" आहेच की, ओबद्या म्हणजे याहचा सेवक. नाव याहचा सेवक आणि पगार अहाबचा. त्याची गोची नावातच.

मराठी बायबलात हे शेवटचे "या" आम्ही इतके गिळलेत की कळत नाहीत. यशया, यिर्मया, जखऱ्या, नहेम्या, सफन्या, सगळ्यांच्या शेवटी तोच. आणि योहान, योनाथान यांच्यात पुढे आलाय.

मला भर घालायची होती ती वधस्तंभाच्या प्रसंगाची. येशू ओरडतो "एली, एली, लमा सबख्थनी", माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. आणि जवळ उभे असलेले काय म्हणतात, तर "हा एलीयाला हाक मारतोय". मत्तय २७. गुड फ्रायडेच्या दिवशी हे वाचलं जायचं तेव्हा मला कायम वाटायचं की यांना एवढं साधं ऐकू कसं आलं नाही. पण तुमची फोड वाचल्यावर कळलं, नावाचा पुढचा अर्धा भागच तो आहे. कोणी "एली" एवढं ओरडलं तर लोकांना पुढचा याहू आपोआप ऐकू येणार, कारण संकटात धावून येणारा म्हणून एलीयाचीच ख्याती. त्यांनी ऐकलं ते अगदीच चुकीचं नव्हतं म्हणायचं.

इतिहासकिडा

धागा चांगला आहे पण थोडं पाणी ओततो (चार घागरी नाही).

याहूवाले विरुद्ध बआलवाले असे दोन सरळ पक्ष होते आणि नावावरून माणूस कुठल्या पक्षाचा ते कळायचं, असं चित्र धाग्यातून उभं राहतंय. तसं ते नव्हतं. खुद्द अहाबच्या पोरांची नावं बघा. अहज्या म्हणजे अहाज्याहू, यहोराम, आणि दक्षिणेकडच्या यहूदाच्या राज्यात दिली ती अथल्या म्हणजे अथाल्याहू. तिघांच्याही नावात याहू! म्हणजे बआलचं देऊळ बांधणारा राजा पोरांची नावं मात्र याहूवरून ठेवतोय. त्याच्या दृष्टीने यात भांडण नव्हतंच, घरचा देव पण ठेवायचा आणि सासरचा पण.

अहाब हा काही पुस्तकातलाच राजा नाही. अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा, त्याच्या शिलालेखात इ.स.पू. ८५३ च्या कार्कारच्या लढाईत विरोधी फळीत "इस्रायलचा अहाब" येतो, २,००० रथ आणि १०,००० पायदळ असा आकडा दिलाय. रथांच्या आकड्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे पण राजा तगडा होता यात शंका नाही. तो दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

शोमरोनच्याच उत्खननात १९१० मध्ये शाई लावून लिहिलेली खापरं सापडली, तेल आणि दारूच्या पावत्या आहेत त्या, अहाबनंतरच्या शतकातल्या. त्यात देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं आहेत. याहूवरची जास्त, पण बआलवरची पण बरीच. आणि त्यात एक गंमत, तिथे नावाच्या शेवटी "याहू" नाही तर "याव" येतं. उत्तरेकडचा उच्चार तसा होता, याहू हा दक्षिणेकडचा, यहूदाचा. म्हणजे हा माणूस गिलादचा असेल तर त्याची आई त्याला एलियाव म्हणत असणार. बायबल लिहून पूर्ण झालं दक्षिणेत, म्हणून आपल्याकडे एलियाहू आलं.

आणखी एक. बआल हा शब्द मुळात विशेषनाम नाही, धनी, मालक, नवरा या अर्थाचा आहे. जुन्या काळी लोक याहूलाच बआल म्हणायचे. दावीदाच्या माणसांत एक बाल्या आहे, बआल-याह, म्हणजे "याह हाच धनी" (इतिहास १, अध्याय १२). शौलाचा मुलगा एशबआल, योनाथानाचा मरीब्बआल. पुढे लेखकांना हे अडचणीचं वाटायला लागलं म्हणून शमुवेलाच्या पुस्तकात एशबआलचा ईश-बोशेथ केला, बोशेथ म्हणजे लाज. दावीदाचा एक मुलगा एका यादीत बएल्यादा आहे आणि दुसऱ्या यादीत एल्यादा. बआल खोडून एल टाकला, झालं काम.

नारळीपोफळी

@इतिहासकिडा, वा, याचीच वाट बघत होते. पण तुम्ही दिलेल्या माहितीने माझा मुद्दा पडत नाही, उलट जास्तच पक्का होतो. सगळ्यांच्याच नावात याहू असेल तर नावात याहू असणं ही काही बातमी नाही. मग एलियाहूचं वेगळं काय? तर बाकीच्यांची नावं काय म्हणतात ते बघा, याहूने धरलं, याहूने दिलं, याहूचा सेवक. देवाने काय केलं किंवा मी देवाचा कोण. एलियाहू हे नाव म्हणतं माझा देव कोणता. अहाबच्या घरात नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नव्हतं, विचारायची सोय नव्हती. कर्मेलवर तो लोकांना तेच म्हणतो ना, किती दिवस दोन्ही दगडांवर पाय ठेवणार, याहू देव असेल तर त्याच्या मागे जा, बआल असेल तर त्याच्या. आणि लोक गप्प. २१वं वचन, "लोकांनी एक शब्दही उत्तर दिलं नाही".

तुमच्या अहज्यावरून अजून एक. अहाज्याहू म्हणजे "याहूने धरलेला". आणि राजे २ च्या पहिल्याच अध्यायात हा याहूने धरलेला माणूस माडीच्या जाळीतून खाली पडतो! मग तो विचारायला कोणाकडे माणसं पाठवतो, तर एक्रोनच्या बआल-जबूबकडे. त्या माणसांना वाटेत एलियाहू गाठतो आणि विचारतो, इस्रायलात देव नाही म्हणून तिकडे चाललात का? त्या अध्यायात हा प्रश्न तीनदा येतो. माणसं परत येतात, राजा विचारतो तो दिसायला कसा होता, ते म्हणतात केसाळ होता आणि कमरेला चामड्याचा पट्टा. राजा लगेच ओळखतो, एलीया तिश्बी. लिहिणाऱ्याला नावांशी खेळता येत नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

शब्दवेडा

योएल संदेष्टा राहिला. यो + एल. तेच दोन तुकडे, अदलाबदल केलेले, याह हाच देव. म्हणजे कर्मेलवरचं लोकांचं ओरडणं हे अक्षरशः योएल या नावाचं लांब रूप आहे. आपल्याकडे हरिहर म्हणा नाहीतर शिवराम, दोन देव एका नावात सुखाने नांदतात आणि कोणाला काही वाटत नाही, इथे दोन तुकडे मिळून एकच देव आहे असं ठणकावायला लागतं.

आणि अलीशा, याचा चेला. माझा देव तारण आहे. गुरूच्या नावातला एली तसाच ठेवून पुढचं वाक्य बदललं.

ईजबेलच्या नावाचं पण सांगतो. हिब्रूत ते ई-जेवेल असं वाचता येतं आणि जेवेल म्हणजे शेण, उकिरडा. राजे २ मध्ये तिचं प्रेत शेतातल्या खतासारखं पडेल असं म्हटलंय. पण अभ्यासकांचं म्हणणं की मूळ नाव असं नसणार, कुठले आईबाप राजकन्येचं नाव शेण ठेवतील. सिरियात रास शमरा इथे १९२९ पासून उगारित नावाचं शहर खणून काढलं, तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआलच्या कथा आहेत. त्यात बआलला "जबूल" म्हणजे युवराज म्हणतात आणि तो मेल्यावर "युवराज कुठे आहे" अशी हाक आहे. तेच ईजबेल, "कुठे आहे युवराज". दरवर्षी पाऊस जातो, बआल मरतो, लोक विचारतात कुठे गेला, तो परत येतो. भाविक नाव आहे ते.

आता कर्मेलवर परत जा. बआलचे ४५० जण दिवसभर हाच प्रश्न ओरडतायत, कुठे आहेस, आणि "ना आवाज, ना उत्तर". एलियाहू त्यांना चिडवतो, मोठ्याने ओरडा, विचारात असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल. राणीच्या नावात प्रश्न आहे आणि त्याच्या नावात उत्तर. एवढं बोलून मी खाली बसतो.

(तो बआल-जबूब पण बहुतेक बआल-जबूलच, मुद्दाम बिघडवलेला. जबूब म्हणजे माशी.)

टवाळखोर

शब्दवेडा खाली बसा आणि बसूनच लिहा, उभ्याने एवढं लिहिता म्हणजे कमाल आहे.

अवांतर: गावोगावी कार्मेल कॉन्व्हेंट असतात ते याच डोंगरावरून का? आमच्या इथे फी वाढली की आई-बाप शाळेच्या गेटवर ओरडतात, तिथेही ना आवाज ना उत्तर.

एक_नगरकर

हो, त्याच डोंगरावरून. बाराव्या शतकाच्या शेवटाकडे त्या डोंगरावर काही ख्रिस्ती साधू राहायला लागले, त्यातून कार्मेलाइट संघ झाला आणि ते एलीयाला आपला मूळ पुरुष मानतात. त्यांचं ब्रीदवाक्य म्हणजे एलीयाचं होरेब डोंगरावरचं वाक्य, "मी परमेश्वरासाठी फार ईर्ष्यावान झालो". वांद्र्याचं माउंट कार्मेल चर्च वगैरे सगळं त्याच नावाचं. गोव्यात एलियास नावाची माणसं भेटतात ती पण हीच, ग्रीकमधून पोर्तुगीजमधून आलेली.

होरेबचा विषय निघालाच आहे तर, कर्मेलच्या विजयानंतर लगेच हा माणूस जीव घेऊन पळतो कारण ईजबेलने धमकी दिली. रानात झाडाखाली बसून म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. मग होरेबला गुहेत. तिथे देव विचारतो, "एलीया, तू इथे काय करतोस?" वारा, भूकंप, आग होऊन जातात, मग तो मंद आवाज, आणि परत तोच प्रश्न, शब्दाला शब्द तोच, "एलीया, तू इथे काय करतोस?" दोन्ही वेळा नाव घेऊन. मला हे नाव घेणं आता वेगळंच लागतंय. ज्याचं नाव माझा देव याहू, तो गुहेत लपून काय करतोय? आणि त्याचं उत्तर दोन्ही वेळा तेच, मी एकटाच उरलोय. त्याला ओबद्याने स्वतः शंभर जणांचं सांगितलेलं असताना! देवाला शेवटी सांगावं लागतं की सात हजार आहेत ज्यांनी बआलपुढे गुडघा टेकला नाही.

मुरूडचा_मामा

आमच्या घरात इल्यास आहेत, चुलतभाऊ. आजवर त्याला कोणी अर्थ विचारला नव्हता, आता ईदला त्याची परीक्षा घेतो.

कुराणात दोन ठिकाणी नाव येतं. सहाव्या सूऱ्यात जकरिया, याह्या, ईसा यांच्या सोबत इल्यास. आणि ३७व्या सूऱ्यात, अस-साफ्फात, थोडं सविस्तर. तिथे ते आपल्या लोकांना विचारतात, तुम्ही बआलला हाक मारता आणि सगळ्यात उत्तम निर्माणकर्त्याला सोडता? बआल हा शब्द तिथे अरबीत पण तसाच आहे. बाकी तपशील गाळलाय, ना राणी ना डोंगर, पण नेमका प्रश्न तेवढा ठेवलाय. आणि पुढे १३०व्या आयतीत सलाम आहे तो "इल यासीन" असा, वरच्या-खालच्या ओळींच्या यमकाला बसणारा.

हैफाला कर्मेलच्या पायथ्याशी एक गुहा आहे तिथे यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, द्रूझ सगळेच जातात. आमच्याकडे ती खिज्र या संतपुरुषाची म्हणतात. नवस बोलणाऱ्यांना नावाशी काय करायचंय.

अश्दोदची_आत्या

मुलाने लिंक पाठवली, सगळं वाचून काढलं. मी मूळची पेणकडची, लग्नानंतर इकडे इस्रायलला आले. माझं मराठी आता जुनं झालंय, सांभाळून घ्या.

नारळीपोफळीताई, तुम्ही इतकं लिहिलंत पण मलिद्याचं पहिल्या ओळीत आटोपलंत! मलिदा म्हणजे पोहे भिजवून त्यात खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. ताटात तो रचायचा आणि भोवती पाच फळं. लग्नाआधी, नवस फेडताना, नवीन घरात, कोणी आजारातून उठलं की. पुरुष दहा जमले पाहिजेत. एलियाहू हनाबीचं गाणं हिब्रूतून म्हणतात आणि मग प्रत्येक गोष्टीची वेगळी बराखा, म्हणजे आशीर्वाद, झाडाच्या फळांची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. केळं हे झाडाचं धरत नाहीत, ते जमिनीच्या बराखेत. लहानपणी आमची सगळी भांडणं केळ्यावरून.

आणि सागाव-तळवलीचं कोणीच कसं लिहिलं नाही? खंडाळ्याच्या बाजूला (लोणावळ्याचं नव्हे, अलिबागचं). तिथे खडकावर खुणा आहेत, एलियाहू हनाबीची टाप म्हणतात. अग्निरथातून स्वर्गात जाताना घोड्याची टाप आणि रथाचं चाक तिथे उमटलं असं आमच्यात मानतात. तू बिश्वातला, म्हणजे शेवात महिन्याच्या पंधराव्याला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, तिथे लोक जातात, मलिदा करतात. इतर देशांतले यहुदी एलियाहूला मानतात पण असा ताट मांडून नवस आमच्यासारखा कोणी करत नाही. इकडे आल्यावर पहिली काही वर्षं लोक विचारायचे हे काय पोह्यांचं, आता लोदला, अश्दोदला, दिमोनाला हॉल घेऊन मलिदा होतो.

सुंतेच्या वेळी एक खुर्ची एलियाहूची म्हणून रिकामी ठेवतात. त्याचं कारण वर नगरकरांनी लिहिलं तेच. त्याने होरेबवर तक्रार केली ना की इस्रायलने देवाशी केलेला करार सोडला (सुंता ही त्याच कराराची खूण), मी एकटाच उरलो, म्हणून देवाने सांगितलं, आता प्रत्येक मुलाच्या सुंतेला हजर राहा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ करार पाळतात की नाही. हातावर पट्टी मारली तशी शिक्षा आहे ती!

नावाचं म्हणाल तर आमच्याकडे एलियाहूचा एलोजी व्हायचा. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, मोशेचा मुसाजी. मुंबईची पहिली सिनेगॉग १७९६ ला बांधली ते सामाजी हसाजी दिवेकर, कागदोपत्री सॅम्युएल इझिकेल. गावात राहायचं तर मागे जी लागायचाच.

इतिहासकिडा

आत्या, लाख मोलाचा प्रतिसाद. एलोजी मध्ये याहू गळाला आणि जी आला हे या धाग्यातलं सगळ्यात मराठी वाक्य आहे.

शब्दवेडा

सामाजीमध्येही शमुवेलचा एल गेला, हसाजीमध्ये यहेज्केलचा पण. देव गेला तरी आदर राहिला.

नारळीपोफळी

आत्या, मलिद्यावर वेगळा धागा काढा, केळ्याच्या भांडणासकट.

हजर राहण्यावरून, योम किप्पूरच्या उपासाच्या अगदी शेवटी, दिवस मावळताना, कर्मेलवरचं ते लोकांचं वाक्य "याहवेच देव" सिनेगॉगमध्ये सात वेळा म्हणतात ना? (तिथे अर्थात अदोनाय म्हणून.) म्हणजे वर्षातून एकदा सगळी गर्दी त्याचं नाव उलटं म्हणते.

एक प्रश्न होता. काही ठिकाणी हिब्रूतच एलियाहूच्या ऐवजी एलिया आलंय, शेवटचा वाव नाही. मघाशी मी अहज्या पडला तो अध्याय सांगितला, त्यात दोन्ही रूपं आहेत. याचं काही कारण देतात का? व्याकरणाच्या पुस्तकात नुसतं "लघुरूप" लिहिलंय.

अश्दोदची_आत्या

हो, सात वेळा, आणि मग शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजतो.

वावाची गोष्ट आहे. राशी म्हणून अकराव्या शतकातले मोठे भाष्यकार, फ्रान्सचे, त्यांनी लेवीय २६:४२ वर लिहिलीय. याकोबचं, म्हणजे आमच्या मूळ पुरुषाचं, नाव सगळीकडे वावशिवाय लिहितात, पण पाच ठिकाणी वाव घालून लिहिलंय. आणि एलियाहूचं पाच ठिकाणी वाव काढून. तर याकोबने एलियाहूच्या नावातलं एक अक्षर तारण म्हणून ठेवून घेतलंय, तू ये, माझ्या मुलाबाळांच्या सुटकेची बातमी दे आणि तुझं अक्षर घेऊन जा. मलाखीच्या शेवटी म्हटलंय ना की तो मोठा दिवस यायच्या आधी मी एलियाला पाठवीन, तिथेही वाव नाही बघ.

नारळीपोफळी

उघडून मोजलं. राजे २ च्या पहिल्या अध्यायात चार वेळा, वचन ३, ४, ८ आणि १२. पाचवं मलाखीचं, हिब्रूत ३:२३, आपल्या मराठी बायबलात ४:५. एलिया नावाची दुसरी दोन-तीन माणसं इतिहास आणि एज्रामध्ये आहेत पण ती वेगळी. याकोबचे पाच म्हणजे ते लेवीयचं एक आणि बाकी चार यिर्मयात.

राशींनी हिशोब चोख ठेवलाय.

टवाळखोर

थोडक्यात पाच वाव अजून गहाण आहेत आणि सावकार सख्खा पूर्वज आहे. व्याजाचं कोणी विचारू नका.

अश्दोदची_आत्या

आपल्याच माणसाकडून व्याज घेणं तोरात, म्हणजे आमच्या धर्मशास्त्रात, मना आहे रे बाबा. लेवीय २५ वाच.